घायपाताच्या आडची जागा

ये गं, अशी जवळ ये. कागदावरून बोलावतेय म्हणून लांब बसून ऐकायचं असं नाही. आधी तुझा कान धरते, मग बाकीचं.

लेण्याद्रीला येऊन गेलीस म्हणे. कॉलेजच्या पोरींबरोबर, गाडी करून. डोंगर चढलीस, माकडाने तुमच्यातल्या एकीची वेफरची पुडी पळवली, खाली उतरून तिखट-मीठ लावलेली काकडी खाल्लीस आणि तशीच ओझरच्या रस्त्याने निघून गेलीस. दोन शेतं ओलांडली असतीस तर आजीचं दार होतं. मला कोणी सांगितलं म्हणतेस? जिच्याकडे काकडी खाल्लीस तिनेच. माझ्या जावेची सून ती. तुझं नाक बघून तिने ओळखलं. आपल्या घरातलं नाक कुठे लपत नाही.

मी तुझ्या आईला फोन लावला. ती आधी परीक्षा, ऊन, उशीर असं काहीबाही सांगत बसली. मग म्हणाली, आई, तिला मैत्रिणींना घरी न्यायची लाज वाटली. आल्याबरोबर त्या बाथरूम विचारणार आणि तू त्यांना तो पत्र्याचा संडास दाखवणार, म्हणून.

मला राग आला. म्हशीला पाणी दाखवेपर्यंत राहिला, मग हसू आलं. कारण असं आहे बाळा, साऱ्या दुनियेला त्या संडासाची लाज वाटली तरी चालेल, तुला वाटून चालायचं नाही. तो तुझ्यापायी उभा राहिलाय, तुझा जन्म व्हायच्या आधी. तुझ्या आईने हे तुला सांगितलेलं नसणार, ती आता पुण्याची झाली, तिथे असल्या गोष्टी दार लावून करतात आणि दार लावूनच विसरतात. म्हणून मी सांगते. जेवायला बसली असशील तर आधी जेवून घे.

आपल्या वस्तीवर तेव्हा एकाही घराला संडास नव्हता. सगळे बाहेर जायचे. पण बाहेर म्हणजे कुठेही नाही, जागा ठरलेल्या होत्या. पुरुष ओढ्याच्या अंगाला. बायका रस्त्याच्या वळणावर भावजींच्या पडीत. भावजी म्हणजे तुझ्या आजोबांचे चुलतभाऊ. त्यांची ती जमीन नुसती खडकाळ, तिथे कुळीथसुद्धा धड यायचा नाही. पण कडेने बाईच्या डोक्यापर्यंत घायपात माजलेलं, मध्ये बाभळी, खाली पाण्याचा ओघळ. आम्हाला आणखी काय पाहिजे? एखादा पुरुष चुकून तिकडे फिरकला तर वर्षभर त्याला कोणी सुखाने तंबाखू खाऊ द्यायचं नाही.

पहाटे अंधारात जायचं आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर. तू नाक मुरडशील, पण सगळ्या दिवसात बाईला स्वतःचा म्हणून तेवढाच वेळ मिळायचा. चुलीपाशी सासू, रानात सासरा, गोठ्यात म्हैस. तिथे मात्र कोणी हाक मारणारं नाही. टमरेल घेऊन ओळीने बसलं की सगळ्या बातम्या कळायच्या. कोणाची सून रुसली, कोणाच्या उसाला कारखान्याची तोड आली, कोणाच्या घरात कोण कोणाशी बोलत नाही. पेपर नंतर आला आपल्या वस्तीवर, आणि आला तेव्हा त्यात काही नवीन नसायचं.

समोर डोंगर. डोंगरात लेणी, लेण्यात गणपती. त्या गणपतीची पाठ आपल्याकडे आहे, लोक पाठीची पूजा करून येतात, हे तू बघून आलीसच. पुराणवाले त्याचं काय कारण सांगतात ते सांगोत. आमच्या बायकांना खरं कारण ठाऊक होतं. खाली बायका बसल्यात म्हटल्यावर सभ्य देव दुसरं काय करणार?

आणि एक रीत होती, ती नीट ऐक, पुढे लागणार आहे. बसलेलं असताना पुरुष माणूस दिसला किंवा गाडीचा उजेड आला की उठून उभं राहायचं. पदर डोक्यावर, तोंड घायपाताकडे. तो पुढे गेला की परत बसायचं. जाणारा पण खाकरत, खाली मान घालून जायचा. काय चाललंय ते दोघांनाही माहीत, आणि काही चाललेलंच नाही असं दोघांनी दाखवायचं. आईने मुलीला शिकवलेलं, सासूने सुनेकडून करून घेतलेलं. तेव्हा पहाटे एखादी सायकल जायची, एक दुधाची गाडी. दोनदा उठावं लागलं तर बाई घरी येऊन सांगायची, आज लई वर्दळ व्हती.

मग टूरच्या गाड्या सुरू झाल्या.

आधी आपल्याकडे चतुर्थीला माणसं यायची, माघात जत्रेला यायची. बाकी वर्षभर देव आणि माकडं. नव्वदीनंतर कोणाच्या तरी डोक्यात आलं की आठही गणपती एका दमात उरकता येतात. मुंबईहून रात्री जेवून निघायचं, पहाटे लेण्याद्रीच्या पायथ्याला यायचं, उजाडता उजाडता दर्शन आणि नाश्त्याला ओझर. चार भांडी विसळून पालथी घालावीत तसे देव उरकायचे. आधी शनिवार-रविवार, मग सुट्ट्यांत रोज.

वस्तीला फायदा झाला नाही असं मी म्हणणार नाही. ज्याला काही येत नव्हतं त्याने नारळाचं दुकान टाकलं. तगड्या गड्यांना डोल्या उचलायचं काम मिळालं. माझी जाऊ, भावजींची बायको, काकडी विकायला बसली आणि जन्मात पहिल्यांदा कमरेला स्वतःची पिशवी लावून फिरायला लागली. पण पाव्हणे भारी चौकस. गोठ्यात शिरून म्हशीबरोबर फोटो काढायचे आणि तिला गाय म्हणायचे. म्हैस त्यांच्याकडे बघायची ते मला दिसायचं. एक जण माझ्या चुलीपुढे येऊन उभा राहिला, मी भाकरी तव्यावर टाकली, तर म्हणतो, काकू, पुन्हा एकदा टाका ना, कॅमेऱ्यात आलं नाही. आता तव्यावरची भाकरी परत उचलून पिठात घालू का?

हे सगळं हसून सोडून देण्यासारखं होतं. पडीचं तसं नव्हतं.

एक दिवस बघतो तर पडीत ट्रॅक्टर. भावजींनी बाभळी तोडल्या, घायपात मुळासकट उपटलं, ओघळ बुजवला, वर मुरूम टाकला आणि खांब रोवून पाटी लावली, पार्किंग. गाडीवाले खूश, दुकानवाले खूश. बायकांचं काय, हे एकाही पुरुषाच्या डोक्यात आलं नाही, कारण त्यांच्या लेखी ती पडच होती. कागदावर आमचं तिथे काहीच नव्हतं. पण खरं बघायला गेलं तर त्या जमिनीला इतक्या वर्षांत आमच्याइतकं नियमाने कोणी काही दिलं नव्हतं.

रस्त्याच्या कडेला घायपाताची तेवढी एक पट्टी उरली, वीतभर. सगळ्या जणी तिच्या आड गोळा झालो. आणि गाडी वळायची ती नेमकी तिथूनच. वळताना तिचे दिवे डावीकडून उजवीकडे आमच्या सगळ्या ओळीवरून फिरायचे. उठा. गाडी आत गेली, बसा. मागून दुसरी. उठा. बसा. शाळेत कवायत घेतात तसं. पोट साफ व्हायच्या जागी पोटऱ्या भरून यायच्या.

त्या गाड्यांत एक टूरवाला असायचा, हातात माईक. एका पहाटे काच उघडी होती म्हणून आम्ही कानांनी ऐकलं. दिवे आमच्यावर, आम्ही रीतीप्रमाणे उभ्या, पदर डोक्यावर, आणि तो आत सांगतोय, "बघा मंडळी, ही आपली संस्कृती. एवढ्या पहाटे, एवढ्या थंडीत, गावच्या भगिनी हातात कलश घेऊन आपल्या स्वागताला उभ्या आहेत."

माझ्या हातात वनस्पती तुपाचा डबा होता.

गाडीतल्या माणसांनी हात जोडले. कोणीतरी मोरया म्हणून ओरडलं. एका आजोबांनी खिडकीतून पेढ्याची पुडी खाली टाकली, ती जावेच्या पायाशी पडली. आम्ही गाडी आत जाईपर्यंत दम धरला आणि मग अशा हसलो की दोघी-तिघींना परत बसायची गरजच उरली नाही. पेढे कोणी खाल्ले नाहीत, कुत्र्याला घातले.

हसणं तिथे संपलं, कारण त्याच थंडीत तुझी आई बाळंतपणाला आली. तू पोटात. आठवा महिना.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे तुला माहीत आहे. माझं निरगुडसरला झालं, माझ्या आईने चाळीस वेळा तेल गरम केलं असेल. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं नाही तर सासरी तिला जन्मभर ऐकून घ्यावं लागतं, आईबापाला जड झालीस म्हणून. आणि ऐकून घेण्याचं सोड, मला ती हवी होती. लग्न होऊन गेल्यापासून घर कसं रिकाम्या कणगीसारखं झालं होतं. मी डिंक आणून ठेवला होता, बाळंतविडा शिवून ठेवला होता.

ती सासरी पिंपरीत दोन खोल्यांत राहायची. खोल्या काडेपेटीएवढ्या, पण संडास आतच. इथे आली तर तिने नखरा केला नाही, इथेच वाढलेली पोर. टमरेल घेऊन माझ्याबरोबर आली. बसली. गाडी वळली, उठली. बसली. दुसरी वळली. तिसऱ्या गाडीच्या वेळी तिला उठताच येईना. पोट पुढे, पाय सुजलेले. एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने आमच्यातल्याच एका मेंढरंवाल्या मावशीने काखेत हात घालून तिला उभी केली. त्या उजेडात तिचं तोंड मला दिसलं. गाडीतून कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवसापासून तुझ्या आईने पाणी प्यायचं सोडलं. प्यायलंच नाही तर जावं लागणार नाही, असा तिचा हिशोब. जुन्नरच्या डॉक्टरीणबाईंनी पाय बघितले आणि मला झापलं, पाणी का देत नाही हिला? मी काय सांगणार? घरी आले, तांब्या भरून तिच्यापुढे धरला. तिने तोंड फिरवलं.

म्हणाली, "आई, रविवारी हे येत्यात. मी त्यांच्यासंगं जाते."

"आन् बाळंतपण?"

"तिकडंच."

एवढंच. भांडली असती तर मी भांडले असते. ती पिशवी भरायला लागली.

मी आधी तुझ्या आजोबांना गाठलं. घरामागे एक संडास बांधा, पत्र्याचा का होईना. ते जेवत होते, त्यांनी घास खाली ठेवला. जिथे खायचं तिथेच, देव्हाऱ्याच्या भिंतीला लागून? आपल्या सात पिढ्या बाहेर गेल्या, कुणाचं काही अडलं न्हाई, असं म्हणाले. मी म्हटलं, सात पिढ्यांतल्या बायांना कुणी इचारलं व्हतं का? त्यावर ते हात धुवायला उठले. तुझे आजोबा माणूस चांगले, पण हरायला लागले की त्यांना नेहमी हात धुवायचे असायचे.

मग भावजींकडे गेले. ते पार्किंगच्या खांबाला टेकून दात कोरत होते. म्हटलं, भावजी, कडेला निदान आडोसा करा, चार पत्रे ठोका, लेक अवघडलेली हाय. ते म्हणाले, "वहिनी, पाव्हणे देवाला येत्यात. देवाच्या कामात आडवं कसं यायचं?"

"देवानं पाठ तरी फिरवलीया, भावजी. तुमचं पाव्हणं काचंतून बघत्यात."

ते जरा लाजले. पण माणूस लाजला की शहाणपण सांगायला लागतो. म्हणाले, "मग तुमीच जरा लवकर उठत चला."

आम्ही कोंबड्याच्या आधी उठत होतो. त्याहून लवकर म्हणजे आदल्या दिवशीच जायचं.

शनिवारी संध्याकाळी घायपाताच्या पट्टीआड आम्ही सगळ्या बसलो होतो. लेक घरीच होती. मी भावजींचं उत्तर सांगितलं. कोणी शिव्या दिल्या, कोणी त्यांच्या मुरमाला शाप दिला. जाऊ तिथेच होती. मेंढरंवाली मावशी टमरेल बाजूला ठेवून ऐकत होती. ती धनगरवाड्यातली म्हातारी, नवऱ्यामागे एकटीने मेंढरं राखलेली, पावसाळा सरला की घाटावरून कोकणच्या अंगापर्यंत चालून आलेली बाई. तिला शब्द खर्चायची सवय नव्हती.

ती म्हणाली, "माझी मेंढरं रस्त्यात बसली तर किती पन मोठी गाडी येऊ द्या, थांबती. डायवर शिव्या देतो, भोंगा वाजवतो, पन थांबतो. कारन मेंढरू उठत न्हाई. आपुन कशापायी उठतो?"

खरंच, कशापायी? इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. उठायचं म्हणजे उठायचं. एकीने हळूच म्हटलं, अगं पण लाज? मावशी म्हणाली, लाज बघनाऱ्याची. आपुन का गाडीवर जाऊन बसतो काय?

मग सगळ्यांनी जावेकडे बघितलं. पार्किंग तिच्या नवऱ्याचं. ती उठली, तांब्यातलं उरलेलं पाणी ओतलं, पदर खोचला आणि म्हणाली, "मी मधी बसंन."

रविवारी पहाटे आम्ही पट्टीआड गेलोच नाही. सरळ पार्किंगच्या तोंडावर, गाडी जिथून आत वळते तिथे, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीने बसलो. जाऊ मधे. लेकीला मी आणि मावशीने आमच्यामध्ये घेतली, पायाखाली तिला दोन सपाट दगड लावून दिले. थंडी अशी की टमरेल हाताला चिकटत होतं.

पहिली गाडी आली. दिवे वळले, एका टोकापासून आमच्यावर यायला लागले.

आता खरं सांगते, उठायचं नाही हे ठरवणं सोपं होतं. पण गुडघ्यांना कोण सांगणार? जन्मभराची सवय. उजेड अंगावर पडला तसे माझे गुडघे आपोआप वर यायला लागले. मी एका हाताने लेकीचा दंड धरला आणि दुसऱ्या हाताने स्वतःचाच गुडघा दाबून धरला. शेजारून मावशी पुटपुटली, "पदर वढा. तोंड झाकलं की बाकीचं कुनाचंबी आसंल." आणि काय सांगू, सगळ्यांनी पदर ओढले. ओळीतून खुसखुस ऐकू आली. हसायला लागलं की उठता येत नाही, हेही बरं झालं.

गाडी थांबली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. कोणी हललं नाही. परत वाजवला, लांब. आतून माईकवरचा आवाज आला, बघा मंडळी, गावच्या भगि... आणि तिथेच तुटला. माईक चालूच राहिला असणार, नुसती घूं घूं येत राहिली. गाडीतलं कोणी मोरया म्हणालं नाही, कोणी टाळी वाजवली नाही.

मग दिवे विझले.

पोरी, अंधार इतका चांगला असतो हे मला तेव्हा कळलं. लेकीचा दंड माझ्या हातात होता, तो सैल पडला. ती नीट श्वास घ्यायला लागली.

थोड्या वेळाने गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. आम्हाला वाटलं, आता टूरवाला भांडायला येतोय. पण पावलं बाईची होती, अडखळत, चाचपडत. स्वेटर घातलेली, माझ्याच वयाची असावी. माझ्यासमोर येऊन थांबली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "ताई, मी पण इथे बसले तर चालेल का? पनवेल सुटल्यापासून कुठे जागाच मिळाली नाही हो."

मी म्हटलं, "सरका गं, पाव्हणी आलीया."

आम्ही सरकलो. तिच्यामागून दुसरी उतरली, मग तिसरी, मग त्यांची म्हातारी दोघींनी धरून आणली. रात्रभर पाय आवळून बसल्या होत्या बिचाऱ्या, देवाचं नाव घेत. पुरुष मंडळी वाटेत जागोजागी उतरून मोकळी होत होती, यांना कोणी विचारलंच नव्हतं. एकीजवळ पाणी नव्हतं, जावेने तिला आपला तांब्या दिला. दुसरीने मघाशी दिव्यांच्या उजेडात पोट बघितलं असणार, ती तुझ्या आईला विचारायला लागली, कितवा महिना? पहिलंच का? डोहाळे कसले होते? अंधारात कोण गावची आणि कोण मुंबईची, काही कळत नव्हतं.

तेवढ्यात रस्त्यावर दुसऱ्या गाडीचा उजेड आला. पहिल्या गाडीचा ड्रायव्हर पळत तिच्यापुढे गेला, दोन्ही हात हलवत. "लाइट बंद कर, लाइट. आमच्या बाया बसल्यात."

आमच्या म्हणाला. मी ऐकलं.

भोंगे ऐकून भावजी घरातून निघाले होते. हातात बॅटरी, गळ्यात मफलर, रागाने ओरडत. "कोन हाय रं तिकडं? गाड्या कशापायी थांबल्यात?" आणि बॅटरीचा झोत आमच्याकडे वळवायला लागले.

ओळीच्या मधून जावेचा आवाज आला. मोठा नव्हता. घरात मीठ मागावं तसा.

"मी हाय. बॅटरी बंद करा आन् घरला जा."

बॅटरी बंद झाली. भावजी गेले की नाही ते दिसलं नाही, पण खाकरल्याचा आवाज लांब लांब जात ऐकू आला. त्यांना पण रीत आठवली म्हणायची.

उजाडल्यावर पाव्हण्या डोंगर चढल्या, खाली आल्या आणि चहाच्या टपरीवर त्यांनी भावजींना घेरलं. एवढं मोठं पार्किंग केलंत, बायकांची सोय कुठे आहे? आम्हाला द्यायला त्यांच्याकडे उत्तर होतं, लवकर उठा. पाव्हण्यांना ते देता येईना. त्या तर रात्रभर झोपल्याच नव्हत्या.

मी घरी आले. तुझ्या आईची पिशवी दाराशी भरून ठेवलेली तशीच होती. ती तिच्याकडे बघेना आणि हलवेनाही. म्हणाली, आजचं झालं आई, पण रोज कोण ओळ धरून बसणार? ते खरंच होतं. मी चहा टाकला. तुझ्या आजोबांच्या कानावर सगळं आलं होतं, वस्तीवर अशी गोष्ट चहा उकळायच्या आत पोचते. ते चहा प्यायले, आणि या वेळी हात धुतले नाहीत. कुदळ घेतली आणि गोठ्याच्या पलीकडे गेले, देव्हाऱ्याच्या भिंतीपासून जेवढं लांब जाता येईल तेवढं. तिथे खणायला लागले. मी विचारलं नाही काय करताय म्हणून. चालू लागलेल्या पुरुषाला विचारलं की तो थांबतो.

दुपारच्या एस.टी.ने तुझे वडील आले. इस्त्रीचा शर्ट, हातात सफरचंदांची पिशवी. आपल्याकडे जावई आला की पाट, तांब्या, पाय धुवायला गरम पाणी. त्या दिवशी अंगणात कोणीच नाही. ते आवाजाच्या दिशेने गोठ्यामागे गेले. सासरे कमरेएवढ्या खड्ड्यात उभे, घामाने निथळलेले. जावयाने विचारलं, मामा, काय खणताय? तुझे आजोबा म्हणाले, "इहीर न्हाई." आणि खाली मुरूम लागलाय, कुदळ उडतीया, असं सांगितलं. तुझ्या वडिलांनी सफरचंदांची पिशवी खाली ठेवली. मग इस्त्रीचा शर्ट काढून म्हशीच्या दावणीवर टाकला आणि खड्ड्यात उतरले. म्हशीने शर्टाची एक बाही खाल्ली. तुझ्या वडिलांच्या आईने ती बाही पुढे कितीतरी वर्षं बोलून दाखवली, ते असो.

तळाला दगड लावले, वर फरशी, जुन्या छपराचे पत्रे चारी बाजूंनी, पत्र्याचंच दार, आतून दोरीची कडी. पहिला मान तुझ्या आईचा. ती आत गेली, आम्ही सगळे उगाच दुसरीकडे बघत अंगणात उभे. बाहेर आली, हातपाय धुतले, माठापाशी गेली आणि उभ्या उभ्या तांब्याभर पाणी प्यायली. मग आणखी अर्धा. मी पिशवी उचलून आत नेली. तिने अडवली नाही.

तू जुन्नरच्या दवाखान्यात झालीस आणि तिथून सरळ या घरात आलीस. डिंकाचे लाडू वाया गेले नाहीत.

पुढचं थोडक्यात. टूरच्या ड्रायव्हरांत बोलणं झालं असावं. कित्येक वर्षं त्या वळणावर गाड्या दिवे मालवायच्या, एक बारीक भोंगा द्यायच्या आणि आमच्यातली कोणी खाकरेपर्यंत थांबायच्या. मग घरोघरी खड्डे झाले. दोन हजारनंतर पाव्हण्यांसाठी फरशीचे संडास बांधले, रांगेने, निळ्या रंगाचे. भावजींच्या हस्ते नारळ फोडला, फीत कापली. फीत कापल्यावर पुढे काय करायचं ते कोणाला सुचेना, कारण उद्घाटन म्हणून आत जायला पुढारी लाजत होते. शेवटी मेंढरंवाली मावशी काठी टेकत सगळ्यांच्या मधून गेली आणि आतून कडी लावली. सगळी सभा बाहेर थांबून राहिली.

आता सोय झाली, मी नाही म्हणत नाही. पण पहाटेच्या गप्पा गेल्या. जाऊ भिंतीपलीकडे राहते आणि तिच्या घरातली बातमी मला तिच्या सुनेकडून कळते. कधी कधी वाटतं, एकदा टमरेल घेऊन दोघींनी तिकडे जाऊन नुसतं बसावं. पण तिथे आता गाड्या असतात, आणि गुडघेही बसले की उठत नाहीत, कोणाचाही उजेड आला तरी.

आणि त्या पत्र्याच्या संडासाची तुला लाज वाटते, तर ऐक. चतुर्थीला निळ्या संडासांपुढे डोंगराच्या पायरीपर्यंत रांग लागते. एखादी अवघडलेली बाई, एखादी म्हातारी रांगेत दिसली की जावेची सून तिला आपल्याकडे पाठवते, गोठ्यामागं जा, आजी हाय तिथं. मी बादली भरून ठेवते. कोणी दोरीच्या कडीला हसत नाही. बाहेर येऊन पाणी मागतात, तांब्याभर पितात, आणि मी बघत बसते. तुझा मामा म्हणतो, नवी फरशी घालू, नवीन दार लावू. मी म्हटलं, फरशी घाल, दाराला हात लावायचा नाही.

तेव्हा पोरी, त्या मैत्रिणींना घेऊन ये. सगळ्यांना. त्यांना आधी चहा देईन, मग विचारलं तर गोठ्यामागे दाखवीन, आणि हवं तर त्या दाराची गोष्ट तू सांग, मी मध्ये बोलणार नाही. बरं, बोलेन, पण थोडं. शनिवार-रविवार टाळ, तेव्हा वळणावर गाड्यांचा तिढा असतो. मधल्या वारी जुन्नरहून एस.टी. धर आणि वळणावर उतर, पाटीपाशी. आताची म्हैस त्या म्हशीची नात, बाह्या खात नाही, तरी चांगले कपडे दावणीवर टाकू नकोस. पाण्याचा माठ भरलाय. लवकर ये.